कमरेची गादी आणि ‘बिनटाक्याच्या’ ऑपरेशनचा मोह

दिवाळीनंतरची गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एस.टी.त चालक असलेले एक गृहस्थ भिंतीचा आधार घेत आत आले. वय ४२. बसा म्हटले तर बसवेना, उभेही राहवेना. कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीच्या मागून पोटरीत आणि तेथून थेट पायाच्या करंगळीपर्यंत जात होती. तीन आठवडे रजेवर होते. रात्री झोप नाही, खोकला आला तरी डोळ्यांत पाणी उभे राहायचे.

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्यांनी पिशवीतून एम.आर.आय.चे मोठे पाकीट आणि दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. मोठ्या शहरातील दोन रुग्णालयांच्या त्या चिठ्ठ्या. एकीवर लिहिले होते, ‘लेसर. टाके नाहीत. त्याच दिवशी घरी.’ दुसरीवर, ‘दुर्बिणीतून. एक टाका. दुसऱ्या दिवशी घरी.’ आणि दोन्हींच्या खाली रकमेचे आकडे.

‘‘डॉक्टर, यातलं चांगलं कुठलं तेवढं सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चिरफाड करून घ्यायची नाही असं ह्यांनी ठरवलंय.’’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘पैशाचं आम्ही बघतो. माझ्या पाटल्या आहेत.’’

वाचकहो, हा प्रश्न आता दर महिन्याला माझ्यासमोर येतो. कधी शिक्षक विचारतात, कधी किराणा दुकानदार, कधी उसाच्या फडात राबणाऱ्या बाया. प्रत्येकाला जाणून घ्यायचे असते ते इतकेच की, टाके किती पडणार? आजचा लेख त्यासाठीच. माझे मत आधीच सांगून टाकतो. कातडीवरचे भोक किती लहान, यावरून मणक्याची शस्त्रक्रिया निवडणे म्हणजे दाराचा रंग बघून घर विकत घेण्यासारखे आहे. आत काय दबले आहे, ते कसे काढायचे आणि मुळात ते काढायला हवे का, हे प्रश्न आधीचे आहेत.

गादी सरकते म्हणजे काय?

आपल्या कमरेत पाच मणके एकावर एक बसलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच आपण ‘गादी’ म्हणतो. बाहेरून चिवट धाग्यांचे कडे आणि आत मऊ, जेलीसारखा गर, अशी तिची रचना. हे कडे कुठेतरी विरले की आतला गर मागे सरकतो. मागच्या बाजूला पायाकडे जाणाऱ्या नसा असतात. गर नसेवर दाबला आणि तेथे सूज आली की पायात कळ सुरू होते. हीच सायटिका. बहुतेक वेळा हा बिघाड शेवटच्या दोन गाद्यांत होतो, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामधली. कमरेचा सगळा भार आणि वाकणे-वळणे तेथेच येते, म्हणून.

काही गाद्या नुसत्या फुगतात. काहींतून गर बाहेर डोकावतो. काहींचा तुकडा सुटून खाली-वर घसरतो. लोक या सगळ्यालाच ‘मणक्यात गॅप आली’ म्हणतात. पण उपचार ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा असतो. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटोवर उपचार करू नका

एम.आर.आय. हे उत्तम साधन आहे, पण ते जरा जास्तच दाखवते. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा माणसांचे फोटो काढून केलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली आणि ऐंशीच्या वयात हेच प्रमाण ८४ टक्के होते. म्हणजे केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. अहवालात ‘डिस्क बल्ज’ हे शब्द दिसले की अनेकांचे धाबे दणाणते. पण दुखणे डाव्या पायात आणि फोटोतला दाब उजवीकडे, किंवा नुसतीच कंबर दुखते आणि पायात काहीच नाही, अशा वेळी गादी काढून फारसे हाती लागत नाही. ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने पायातल्या कळेसाठी आहे, जुनाट कंबरदुखीसाठी नाही. एवढे एक वाक्य जरी वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

आमच्या चालक गृहस्थांचे दुखणे आणि फोटो मात्र जुळत होते. उताणे निजवून डावा पाय सरळ उचलला, तर जेमतेम हातभर वर गेल्यावर ते ओरडले. फोटोत शेवटच्या गादीचा एक तुकडा सुटून डावीकडे खाली घसरलेला स्पष्ट दिसत होता. टाचा उचलून चवड्यावर चालायला सांगितले, तर दुखत असूनही चालले. म्हणजे पायात ताकद होती. लघवी-संडासची तक्रार नव्हती.

मी त्यांना म्हणालो, ‘‘दोन्ही चिठ्ठ्या तूर्त पिशवीत ठेवा. आणखी काही आठवडे थांबू.’’ दोघांचेही चेहरे पडले. एवढा मोठा तुकडा आत पडलेला आणि डॉक्टर थांबा म्हणतात!

थांबणे हाही उपचार आहे

येथे शरीराचा एक चमत्कार सांगायला हवा. सुटलेला तुकडा शरीराला परका वाटतो. रक्तातल्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो हळूहळू विरघळवतात. २०१५ च्याच एका आढाव्यात असे दिसले की, सुटून पडलेले तुकडे सुमारे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसले. डोकावणाऱ्या पण गादीला चिकटून राहिलेल्या मोठ्या गराच्या बाबतीत हे प्रमाण ७० टक्के होते, तर नुसत्या फुगलेल्या गादीच्या बाबतीत १३ टक्के. म्हणजे फोटोत जे सर्वांत भयंकर दिसते, तेच बरे होण्याची शक्यता सर्वांत जास्त!

नेदरलँड्समधील लायडन येथील डॉक्टरांनी २००७ साली एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिकाने बेजार असलेले २८३ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली. उरलेल्यांना औषधे आणि सल्ला देऊन थांबवले, न सोसल्यास शस्त्रक्रिया करू असे सांगितले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, साधारण चार आठवड्यांत. थांबलेल्यांना बारा आठवडे लागले. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात अखेर शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांना लागलीच नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. ती लवकर आराम देते आणि ज्याची रोजी पायांवर आहे त्याला दोन महिने म्हणजे फार असतात. पण घाई नाही, हे त्यातून कळते. अति थांबणेही बरे नव्हे. कॅनडातील १२८ रुग्णांच्या २०२० सालच्या अभ्यासात, चार ते बारा महिने सायटिका रेंगाळलेल्यांना शस्त्रक्रियेने औषधोपचारापेक्षा स्पष्ट जास्त आराम मिळाला. सहा आठवडे धीर, तीन महिन्यांपर्यंत निर्णय, असा ढोबळ हिशेब ठेवावा.

थांबायचे म्हणजे अंथरूण धरायचे नाही. दोन-चार दिवसांपलीकडे पडून राहिल्याने स्नायूच दुबळे होतात. वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत, सोसेल तेवढे चालावे, ओझे उचलू नये आणि कळ ओसरू लागली की व्यायाम शिकून घ्यावा. नसेजवळ इंजेक्शन देऊनही काहींना हे अवघड आठवडे पार करता येतात.

येथे मात्र एक मिनिटही थांबू नका

काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातून एका बाईंना बैलगाडीत घालून आणले होते. कापूस वेचताना कंबर धरली म्हणून चार दिवस चोळून घेतले, तेल लावले. दुसऱ्या दिवशीपासून लघवी तुंबली आणि बसायच्या जागी बधिरपणा आला. लाजेपोटी घरात कोणाला सांगितले नाही. गादीचा मोठा गर नसांच्या संपूर्ण जुडग्यावर दाबला गेला होता. त्यांना त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि शस्त्रक्रियाही झाली, पण फार उशीर झाला होता. लघवीवरचा ताबा त्यांना पुरता परत मिळाला नाही.

म्हणून ठळकपणे लिहितो. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, संडासवरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पाय लुळे पडणे, पाऊल झपाट्याने दुबळे होऊन चप्पल निसटू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तेव्हा टाके मोजत बसायचे नसते. घरातल्या बायकांनी तर ही लक्षणे अजिबात लपवू नयेत.

आता तुलना: पाहून काढणे आणि सुईने जाळणे

शस्त्रक्रिया ठरलीच तर कोणती? जाहिरातींत डझनभर नावे दिसतात, पण मुळात गट दोनच आहेत. पहिल्या गटात सर्जन नस डोळ्यांनी पाहतो आणि तिच्यावर दाबणारा तुकडा उचलून बाहेर काढतो. दुसऱ्या गटात नस दिसतच नाही. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघून गादीत सुई घालतात आणि आतला गर थोडा कमी करतात.

पहिल्या गटाची सुरुवात १९३४ साली झाली. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी सायटिकाचे कारण सरकलेली गादी आहे हे दाखवून दिले. तेव्हा पाठ बरीच उघडावी लागे. १९७७ साली याशारगिल आणि कास्पार यांनी स्वतंत्रपणे सूक्ष्मदर्शकाचा वापर प्रसिद्ध केला आणि चिरा दीड-दोन इंचांवर आला. ही सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया आजही मापदंड मानली जाते. नवे काही आले की त्याची तुलना हिच्याशी करतात.

१९९७ साली फोली आणि स्मिथ यांनी नळीची पद्धत पुढे आणली. स्नायू कापण्याऐवजी ते बाजूला सारून सुमारे पाऊण इंच रुंदीची नळी बसवायची आणि तिच्यातून काम करायचे. त्यानंतर संपूर्ण दुर्बिणीची पद्धत रुळली. हिच्यात पाऊण-एक सेंटिमीटरचे भोक पुरते. दुर्बीण कुशीकडून, नस बाहेर पडते त्या छिद्रातून घालतात किंवा पाठीमागून दोन मणक्यांच्या फटीतून. कुशीकडची पद्धत नुसती जागा बधिर करून करता येते. पूर्ण भूल ज्यांना धोक्याची, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. पण शेवटच्या गादीकडे जाताना कमरेचे रुंद हाड वाटेत येते, तेथे मागची वाट बरी पडते. अलीकडे दोन भोके पाडून एकातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून हत्यारे घालण्याची पद्धतही पुष्कळ सर्जन वापरतात.

दुसऱ्या गटाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९६४ साली अमेरिकेतील डॉ. लायमन स्मिथ यांनी पपईच्या चिकातील एक पाचकद्रव्य गादीत टोचून गर विरघळवल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे मटण शिजताना कच्ची पपई घालतात, तोच गुण! १९८२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि काही काळ त्याची चलती होती. पुढे काही रुग्णांना प्राणघातक ॲलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा झाली. हळूहळू ते औषध मागे पडले आणि बाजारातून गेले. त्यानंतर लेसर आला, मग रेडिओलहरींनी गर वितळवणे आणि ओझोन वायू टोचणे आले. प्रत्येक वेळी जाहिरात साधारण तीच होती, चिरफाड नको, टाके नकोत.

या सुईच्या पद्धती अगदीच टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. कडे शाबूत असेल आणि गर आतच असेल, तर निवडक रुग्णांना त्यांचा उपयोग होतो. पण तुकडा सुटून खाली घसरला असेल तर गादीत सुई घालून काय साधणार? बादली फुटून पाणी अंगणात गेल्यावर बादलीतले पाणी कमी करण्यासारखेच ते. आणि आमच्या चालकांना नेमकी तीच चिठ्ठी मिळाली होती.

अभ्यास काय सांगतात?

नेदरलँड्समध्ये लेसर आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांची समोरासमोर तुलना झाली. ११५ रुग्णांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती साधारण सारखी होती. लेसरवाले म्हणतील, पाहा, बरोबरी झाली! पण लेसर गटातील ३८ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, नेहमीच्या गटात १६ टक्क्यांना. शिवाय आरामही नेहमीच्या शस्त्रक्रियेने लवकर पडला. म्हणजे तिघांतल्या एकाहून अधिकांना शेवटी टाके पडलेच. आपल्याकडे त्याचा अर्थ दोनदा बिल.

नळीची पद्धत तरी नक्की वरचढ असेल, असे सर्वांना वाटत होते. २००९ साली ३२८ रुग्णांचा अभ्यास आला. वर्षानंतर ‘मी चांगला बरा झालो’ असे नळीच्या गटात ६९ टक्के म्हणाले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाच्या गटात ७९ टक्के. लहान चिऱ्याने जास्त आराम मिळेल ही अपेक्षा खरी ठरली नाही. २०१४ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेच्या आढाव्यात ११ अभ्यासांतील ११७२ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. लहान चिऱ्याच्या पद्धतींनी वेदना किंचित कमीच हटल्या, मात्र हा फरक रुग्णाला जाणवेल एवढा नसावा, असे त्यात म्हटले होते. जखमेत पू होण्याचा धोका मात्र त्यांत कमी दिसला.

दुर्बिणीची बाजू २०२२ साली भक्कम झाली. नेदरलँड्समधील ६१३ रुग्णांच्या अभ्यासात कुशीकडून केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाच्या तोडीस तोड ठरली, पायाच्या वेदनेत तर किंचित सरसही. पण यातली एक बाब जाहिरातीत कधी येत नाही. ही पद्धत नव्याने शिकणाऱ्या सर्जनांचे सुरुवातीचे रुग्ण मुख्य हिशेबातून वेगळे ठेवले होते. कारण उघड आहे. दुर्बिणीवर हात बसायला वेळ लागतो. म्हणजे तो निकाल दुर्बिणीचा आहे तसाच हात बसलेल्या सर्जनचाही आहे.

आणि कोणत्याही पद्धतीत काही धोके राहतातच. त्याच जागी गर पुन्हा सरकणे साधारण शंभरात पाच ते पंधरा जणांत घडते. नसांवरचे आवरण फाटणे, पू होणे, क्वचित नसेला इजा हेही आहेच. ‘शंभर टक्के खात्री’ असे कोणी सांगितले तर सावध व्हा.

मग माझे मत काय?

सूक्ष्मदर्शक, नळी, दुर्बीण या तिन्ही वाटा एकाच गावाला जातात. जखमेचा त्रास आणि रुग्णालयातला मुक्काम दुर्बिणीत थोडा कमी, खर्च पुष्कळदा जास्त. वर्षभरानंतर तिघांत निवडण्यासारखे फार थोडे उरते. म्हणून तुमच्या जिल्ह्यात सूक्ष्मदर्शकाने उत्तम काम करणारा सर्जन असेल, तर केवळ एका टाक्यासाठी तीनशे किलोमीटर जाऊन दागिने मोडण्याची गरज नाही. उलट अनुभवी दुर्बीणतज्ज्ञ जवळ असेल आणि खर्च झेपत असेल, तर जरूर तेथे जा. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेचा चिकटून बसलेला गर तीन महिन्यांतही हटला नाही. त्यांनी दुर्बिणीतून करून घेतले आणि आठवड्याच्या आत घरातली हलकी कामे करू लागल्या. मला त्याचा आनंदच आहे.

मला राग आहे तो दोन गोष्टींचा. एक, सुईच्या पद्धती या तिघींच्या बरोबरीच्या म्हणून विकणे. दोन, रुग्णाचा पाय न तपासता नुसता फोटो दिव्यासमोर धरून ऑपरेशनची तारीख देणे. साध्या, पहिल्यांदाच सरकलेल्या गादीसाठी स्क्रू आणि सळ्या बसवायचे कोणी सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. मणका अस्थिर असेल तर त्यांची गरज असते. नुसत्या गादीसाठी सहसा नसते.

शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न नम्रपणे विचारा. माझे दुखणे आणि फोटो जुळतात का? आणखी थांबलो तर काय धोका आहे? माझा गर गादीतच आहे की तुकडा सुटला आहे? ही पद्धत तुम्ही स्वतः किती वेळा केली आहे? आणि गुण आला नाही तर पुढे काय, त्याचा खर्च कोणाचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हेही योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या. पाटल्यांचा विचार त्यानंतर.

आता आमच्या चालकांचे काय झाले ते सांगतो. पहिले दोन आठवडे त्यांनी माझा उद्धार केला असणार! चौथ्या आठवड्यात रात्रीची झोप लागू लागली. सातव्या आठवड्यात कळ पोटरीच्या वर सरकली. तिसऱ्या महिन्यात ते कामावर हजर झाले. करंगळीत थोडा बधिरपणा आहे, तो कदाचित राहील. सगळ्यांचेच असे होईल असे नाही, हे मी त्यांनाही आधीच सांगितले होते. गुण आला नसता तर मीच त्यांना सर्जनकडे पाठवणार होतो.

परवा बसस्टँडवर भेटले. म्हणाले, ‘‘डॉक्टर, तो तुकडा गेला कुठं?’’

‘‘तुमच्याच शरीरानं खाल्ला,’’ मी म्हणालो.

त्यांच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत, हसून फक्त पदर सावरला. हातात पाटल्या होत्या.